भिंतीवरील धर्मोपदेश : चित्रकार ब्रदर आंतोनियो मोस्केनी

ख्रिस्तमंदिराचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे बिशपांचीं नांवें सांपडतात, पायाचा दगड बसविणारांचीं सांपडतात, आणि घंटा देणाऱ्या दात्याचें नांव तर बहुधा घंटेवरच ओतलेलें असतें. पण ज्या हातांनीं भिंती रंगविल्या, छतावर देवदूत चितारले, वेदीमागें आकाश उघडून दाखविलें, त्या हातांचें नांव विचारूं लागलें कीं वहीचें पान कोरें निघतें. जमाखर्चांत रंगाऱ्याची मजुरी सांपडते, रंगारी सांपडत नाहीं. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या अंकांत इतर सर्व उपकारकर्त्यांचें स्मरण होत असतां, निदान एका भिंत रंगविणाराचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आमच्या मनानें घेतलें. ते आपल्या गांवचे नव्हत, किंबहुना आपल्या देशाचेहि नव्हत. परंतु मुंबईच्या पवित्र नामाच्या महामंदिरांत त्यांच्या हातचें काम आहे, आणि आपल्यापैकीं पुष्कळांनीं त्या कामाखालीं गुडघे टेकून प्रार्थना केली आहे. त्यांचें नांव ब्रदर आंतोनियो मोस्केनी.

इटली देशाच्या उत्तर भागांत बेर्गामो नांवाचें जुनें शहर आहे. त्याच्या लगतच्या स्तेत्सानो या गांवीं १७ जानेवारी १८५४ रोजीं मोस्केनी यांचा जन्म झाला. चित्रकलेचें शिक्षण त्यांनीं बेर्गामोच्याच काररारा कलाशाळेंत एन्रिको स्कूरी या आचार्यांच्या हाताखालीं घेतलें. पुढें रोम येथें जाऊन व्हॅटिकनमधील थोर चित्रकारांच्या कृतींचा अभ्यास केला, आणि बेर्गामोच्या परिसरांतील देवळें रंगविण्याचीं कामें केलीं. येथवरची हकीगत कोणाहि होतकरू इटालियन चित्रकाराची असूं शकेल. त्या देशांत देवळें पुष्कळ, भिंती पुष्कळ, आणि चित्रकारहि पुष्कळ. परंतु १८८९ सालीं, वयाची पस्तिशी गाठल्यावर, मोस्केनी यांनीं येशूसंघांत प्रवेश केला. आणि तोहि धर्मगुरु होण्यासाठीं नव्हे, तर धर्मबंधु म्हणून.

धर्मबंधु म्हणजे काय हें आमच्या तरुण वाचकांस सांगितलें पाहिजे, कारण हल्लीं हे लोक फार थोडे दृष्टीस पडतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तिन्ही व्रतांनीं धर्मबंधु हा धर्मगुरूइतकाच बांधलेला असतो. पण तो मिस्सा करीत नाहीं, पापनिवेदन ऐकत नाहीं, व्यासपीठावरून बोलत नाहीं. तो मुदपाकखाना सांभाळतो, कपडे शिवतो, बाग राखतो, आजाऱ्यांच्या उशाशीं बसतो. आम्ही सेमिनरींत असतां आमच्या वहाणांना टाके घालणारे एक वृद्ध ब्रदर होते. आम्हांला तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या पंडितांचे धडे आम्ही बव्हंशीं विसरलों, पण ते टाके पुष्कळ वर्षें टिकले. अशा मंडळींत जाऊन बसणें म्हणजे शिकलेल्या, कांहींसें नांव मिळविलेल्या चित्रकारानें आपलें नांव आपल्या हातानें पुसून टाकण्यासारखेंच होतें. तथापि येशूसंघानें त्यांच्या हातचा कुंचला काढून घेतला नाहीं. त्या संघांत चित्रकार धर्मबंधूंची परंपरा जुनी आहे. रोम येथील संत इग्नेशियस यांच्या मंदिरांत घुमट बांधावयाचा राहून गेला तेव्हां सपाट छतावर घुमटाचें चित्र काढून पाहणाराला खराच घुमट भासविणारे आंद्रेया पोत्सो (१६४२–१७०९) हे थोर कलावंतहि धर्मबंधुच होते.

मंगळूर मिशनचा कारभार १८७८ च्या अखेरीस इटालियन येशूसंघीयांकडे आला. १८८० सालीं त्यांनीं तेथें संत आलोयशियस यांच्या नांवानें कॉलेज सुरू केलें, आणि १८८५ पर्यंत लाइटहाउस टेकडीवर त्या कॉलेजचें मंदिर उभें राहिलें. बाहेरून पाहतां तें साधेंच आहे. आंत पाऊल टाकणाराला काय दिसेल याची बाहेर कांहींच सूचना मिळत नाहीं. ब्रदर मोस्केनी १८९८ सालीं मंगळुरास पोहोंचले आणि १८९९ पासून १९०१ पर्यंत, म्हणजे सुमारें अडीच वर्षें, ते या मंदिराच्या परांचीवर होते. आज तेथें भिंतीचा एक हातभर तुकडाहि चित्राविना सांपडणें कठीण. छताच्या मध्यभागीं कॉलेजच्या आश्रयदात्या संतांचें चरित्र, उतरत्या बाजूंवर प्रेषित, कमानींवर ख्रिस्तसभेचे साधुसंत, मागच्या भिंतीवर लेंकरांना जवळ घेणारा प्रभु. आणि या सर्वांभोंवतीं फुलांच्या माळा, वेलबुट्ट्या, कोनाडे व नक्षीचे पट्टे, ज्यांतील पुष्कळसे दगडांत कोरलेले वाटतात आणि हात लावून पाहिलें तर भिंत सपाट लागते. आम्ही स्वतः हात लावून पाहिला, व त्याबद्दल तेथील रखवालदाराचे योग्य ते शब्दहि ऐकून घेतले.

छतावरील चित्रें तैलरंगांत कापडावर काढून बसविलेलीं आहेत. भिंतींवरील काम मात्र ओल्या चुन्यावरचें आहे. त्यास इटालियन लोक फ्रेस्को म्हणतात. या पद्धतीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण ती समजल्याशिवाय या मनुष्याच्या श्रमांची कल्पना येणार नाहीं. प्रथम भिंतीस चुना व वाळूचा जाड गिलावा करतात. त्यावर अखेरचा गुळगुळीत थर द्यावयाचा, तो फक्त तेवढ्याच जागेवर, जेवढी त्या दिवशीं रंगवून पुरी होईल. थर ओला आहे तोंवर, पाण्यांत वाटलेले रंग, डिंक नाहीं, सरस नाहीं, तेल नाहीं, त्यावर चढवावयाचे. चुना वाळतांना हवेंतील कर्बवायु शोषून घेतो आणि त्याचें पुन्हां दगडासारखें कवच बनतें. रंग त्या कवचांत कोंडला जातो. म्हणून हा रंग पाण्यानें धुतला जात नाहीं. पण म्हणूनच त्यांत चूकहि पुसतां येत नाहीं. प्रेषिताचें नाक वांकडें झालें तर थापी घेऊन तेवढा गिलावा खरवडून काढावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभ करावयाचा. शिवाय ओला असतांना रंग गडद दिसतो व वाळल्यावर फिका पडतो. तेव्हां आज काढलेला बाहीचा तुकडा आणि उद्यां काढावयाचा खांदा यांचा रंग जुळेल कीं नाहीं हें चित्रकारानें मनांतच ताडावें लागतें. चुन्यापुढें टिकणारे रंगहि मोजकेच. गेरूसारखे मातीचे रंग त्यांत मुख्य.

मोठ्या आकृति भिंतीवर उतरविण्याच्या या कामांतील रीती मात्र आपल्या ओळखीच्या आहेत. लहान चित्रावर चौकडी आंखून तीच चौकडी भिंतीवर मोठी आंखावयाची. किंवा कागदावर पूर्ण आकृति काढून रेषांवर सुईनें छिद्रें पाडावयाचीं आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटावयाची, म्हणजे भिंतीवर ठिपक्यांची रेघ उमटते. आमच्या बाजारपेठेंत दुकानांच्या पाट्या रंगविणारा पेंटर नेमकें हेंच करीत असे. छापील फ्लेक्स आल्यापासून त्याला फारसें काम उरलेलें नाहीं; पण बेर्गामोच्या कलाशाळेंतील विद्या आणि आमच्या पेंटरच्या डब्यांतील विद्या या एकाच घराण्याच्या आहेत हें त्याला कोणी सांगितलें असतें तर त्यानें आनंदानें एक चहा अधिक मागविला असता.

ओल्या चुन्याचें काम आपल्या किनाऱ्याला तरी कोठें नवें होतें? सावंतवाडीपासून गोमंतक, कारवार, थेट मंगळूरपर्यंत जुन्या देवळांच्या भिंतींवर ‘कावी’ नांवाचें काम दिसतें. पांढऱ्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन अवजारानें तो खरडीत, आणि आंतली पांढरी वेलबुट्टी वर आणीत. जुन्या गोव्यांत सांता मोनिका मठाच्या भिंतींवरहि चित्रकाम आहे. तेव्हां बेर्गामोहून आलेल्या ब्रदरांना मंगळुरांत चुना मळणारे, थर देणारे, त्याची ओल बोटानें ओळखणारे गवंडी मिळणें कठीण नव्हतें. परांची बांधणारे, रंग वाटणारे, पाणी चढविणारे हातहि तेथलेच असणार. आरंभीं जी तक्रार आम्ही केली ती येथेंहि लागू आहे. एका धर्मबंधूचें नांव तरी टिकलें. त्याच्या हाताखालच्यांपैकीं डी गामा या मंगळूरकर शिष्याचें टिकलें. बाकीचे त्या भिंतींत आहेत.

चित्रांनीं धर्म शिकविणें योग्य कीं अयोग्य हा वाद फार जुना आहे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय येथील बिशप सेरेनुस यांनीं, लोक चित्रांची पूजा करूं लागतील या भयानें, आपल्या देवळांतील चित्रें फोडून टाकलीं. तें ऐकून पोप महात्मा ग्रेगरी यांनीं त्यांना पत्रें लिहून समज दिली. पूजा थांबविलीत तें ठीक, पण चित्रें कां फोडलींत? ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांना भिंतीच वाचतां येतात, असा त्या पत्रांचा आशय होता. हें तत्त्व आम्ही सेमिनरींत पाठ केलें. पण त्याचा अर्थ आम्हांला मंगळुराच्या छतावरील एका चित्राखालीं उभें राहिल्यावर अधिक स्पष्टपणें कळला. तें चित्र संत आलोयशियस प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असल्याचें आहे.

आलोयशियस गोन्झागा हे १५६८ सालीं इटलींतील एका सरदार घराण्यांत जन्मले. थोरले पुत्र असल्यानें जहागीर त्यांचीच होती. ती त्यांनीं धाकट्या भावास सोडून दिली, येशूसंघांत प्रवेश केला, आणि रोम शहरांत सांथ पसरली तेव्हां रोग्यांची शुश्रूषा करतां करतां स्वतः आजारी पडून २१ जून १५९१ रोजीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, देह ठेवला. इटलींत हें चित्र काढलें असतें तर तें तीनशें वर्षांपूर्वींच्या एका साधूचें चित्र झालें असतें. पण ब्रदर मोस्केनी परांचीवर चढले तेव्हां मुंबईच्या मांडवी भागांत १८९६ सालीं सुरू झालेली प्लेगची सांथ अद्याप शमलेली नव्हती. ती पुण्यास जाऊन पोहोंचली होती, आणि गांवोगांव लोक घरें सोडून माळावर झोपड्या बांधून राहत होते. आमच्या पणज्यांच्या पिढीला त्या वर्षांचा धाक जन्मभर पुरला. मुंबई-साष्टींतील गांवठाणांत त्या सांथीच्या काळीं उभारलेले क्रूस आजहि उभे आहेत, आणि तेथें अजून मेणबत्त्या लागतात. अशा दिवसांत त्या छताखालीं बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यानें वर पाहिलें असेल तेव्हां त्याला इतिहास दिसला नसेल. ज्या रोग्याला त्याच्या गांवीं कोणी शिवत नव्हतें, त्याला एक सरदारपुत्र हात लावीत आहे, एवढेंच दिसलें असेल. ज्या प्रवचनासाठीं आम्हां धर्मगुरूंना वीस मिनिटें लागतात, आणि तरीहि मागच्या बाकांवरील मंडळी घड्याळें पाहतात, तें प्रवचन या अबोल ब्रदरांनीं रंगांत करून ठेवलें आहे.

आतां एका आक्षेपाचा विचार करणें प्राप्त आहे. आमचे तरुण विचारतात कीं, या चित्रांतील सर्वच चेहरे इटालियन कां? आकाशहि इटलीचें, वस्त्रेंहि इटलीचीं. आमच्या मातीचें यांत काय आहे? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारे ते पहिले नव्हत. गोव्यांतील सांतो एस्तेव्हांव येथें १९०२ सालीं जन्मलेले आंजेलो द फोन्सेका यांनीं वैद्यकाचा अभ्यास सोडून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट धरली, पुढें बंगालमध्यें अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यापाशीं शिक्षण घेतलें, आणि पवित्र मरियेला साडी नेसवून, आपल्याच घरांतील आईसारखी चितारली. त्याबद्दल गोव्यांत त्यांच्यावर इतकी टीका झाली कीं ते पुण्यास येऊन ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहूं लागले. १९६७ सालीं ते निवर्तले, तोंपर्यंत पुणेंच त्यांची कर्मभूमि होती. ज्या लोकांनीं त्यांना दूषणें दिलीं त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मरिया अशी दिसत नाहीं. ती देवळांतल्या चित्रांत जशी आहे तशीच दिसते. म्हणजे इटालियन चित्रकारांनीं इतकें उत्तम काम केलें होतें कीं लोकांना चित्र आणि मूळ यांतील भेदच उरला नव्हता! १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें, ख्रिस्तसभेनें कोणतीहि एकच कलाशैली आपली म्हणून कधीं ठरविलेली नाहीं, असें स्पष्ट करून हा वाद तत्त्वतः मिटविला.

आमचें मत विचाराल तर फोन्सेका यांची मरिया आम्हांस अधिक जवळची वाटते, आणि ती आपल्या देवळांत पूर्वींच यावयास हवी होती. पण त्यासाठीं मोस्केनी यांना दोष देणें आम्हांस पटत नाहीं. पस्तिसाव्या वर्षीं सर्वस्व सोडलेल्या मनुष्यानें जें त्याच्यापाशीं उरलें होतें तें दिलें, आणि त्याच्यापाशीं बेर्गामोचा हात उरला होता. दुसऱ्याची शैली उसनी घेऊन त्यानें भारतीय चेहरे काढले असते तर ते कसे निघाले असते याची कल्पना आजकालच्या कांहीं छापील पवित्र चित्रांवरून करतां येते.

चुन्यांत कोंडलेला रंग पाण्याला भीत नाहीं खरा, पण भिंतीच्या आंतून चढणारी ओल, समुद्रावरून येणारा क्षार, छतांतून झिरपणारा चार महिन्यांचा पाऊस यांपुढें तोहि हतबल होतो. आणि कापडावरील तैलचित्रांची अवस्था तर अधिकच नाजुक. मंगळूरचीं हीं चित्रें काळवंडूं लागलीं तेव्हां १९९१ ते १९९४ या काळांत ‘इंटॅक’ संस्थेच्या लखनौ येथील तज्ज्ञांनीं त्यांची शास्त्रशुद्ध दुरुस्ती केली. तीन वर्षें! काढावयास लागलीं त्याहून अधिक राखावयास लागलीं. आम्ही ज्या ज्या धर्मग्रामांत सेवा केली, तेथें याच्या उलट अनुभव घेतला. महोत्सव जवळ आला कीं समिति नेमावयाची, समितीनें वर्गणी काढावयाची, आणि पहिला ठराव काय, तर देऊळ आंतून ‘स्वच्छ’ करावयाचें. एके ठिकाणीं वेदीच्या कमानीवर कोण्या जुन्या रंगाऱ्यानें काढलेली द्राक्षवेल होती. पानें ओबडधोबड, द्राक्षें जांभळाएवढीं, पण तिच्याखालीं तीन पिढ्यांचीं लग्नें लागलीं होतीं. दोन माणसांनीं एका दुपारीं तिच्यावर फिकट गुलाबी ऑइलपेंट फिरविला. चुन्याच्या भिंतीवर असा रंग दिला कीं भिंतीचा श्वास कोंडतो, आंतील ओल बाहेर पडत नाहीं, आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. तेथेंहि धरले. पोपडे पडले तेव्हां त्यांच्याबरोबर वेलीचीं पानेंहि गळून आलीं, आणि तीं कोणी काढलीं होतीं हें सांगणारें गांवांत कोणी नव्हतें.

मंगळूरचें काम आटोपल्यावर ब्रदरांना दुसरीकडून बोलावणीं येऊं लागलीं. मुंबईंत त्या वेळीं वोडहाउस रस्त्यावर, कुलाब्याच्या वाटेवर, पवित्र नामाचें मंदिर उभें राहत होतें. डब्ल्यू. ए. चेंबर्स या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणें गॉथिक पद्धतीनें बांधलेलें तें मंदिर १९०५ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या अंतर्भागावर ब्रदर मोस्केनी यांचा कुंचला फिरला. हेंच पुढें मुंबई महाधर्मप्रांताचें महामंदिर झालें. मंगळुरास जाणें आमच्या सर्वच वाचकांस घडेल असें नाहीं. पण कुलाब्यास जाणें होतें. तेथें दीक्षाविधीसाठीं किंवा तैलाच्या मिस्सेसाठीं गेलेले आपले लोक मिरवणूक सुरू होईपर्यंत एकमेकांच्या साड्या व टोप्या न्याहाळीत बसलेले आम्हीं पाहिले आहेत. तो वेळ मान वर करण्यासाठीं पुरेसा असतो.

अखेरचें बोलावणें कोचीहून आलें. तेथील सांता क्रूझचें जुनें महामंदिर पोर्तुगीजांच्या काळचें. डच लोकांनीं तें पाडलें नाहीं, शस्त्रांचें कोठार म्हणून राखलें; इंग्रजांनीं मात्र १७९५ सालीं तें जमीनदोस्त केलें. पुढें शंभर वर्षांनीं नवें महामंदिर उभें राहत होतें, आणि त्याच्या अंतर्भागाच्या सजावटीसाठीं ब्रदर मोस्केनी यांना पाचारण करण्यांत आलें. मंगळूरचे शिष्य डी गामा या कामांत होते. प्रभूच्या दुःखसहनाचे व मरणाचे प्रसंग दाखविणारीं सात मोठीं चित्रें, लिओनार्दो द विंचीच्या धर्तीवरील अखेरचें भोजन, खांबांवरील व भिंतींवरील नक्षी, असा कामाचा पसारा मोठा होता. ब्रदरांचें वय एक्कावन्न वर्षांचें होतें. सात वर्षें या किनाऱ्याची हवा त्यांनीं सोसली होती, आणि त्यांतला पुष्कळसा काळ परांचीवर, ओल्या चुन्याच्या वासांत गेला होता.

महामंदिराच्या अभिषेकाचा दिवस १९ नोव्हेंबर १९०५ हा ठरला होता. १५ नोव्हेंबर रोजीं ब्रदर आंतोनियो मोस्केनी कोची येथें मरण पावले. चार दिवसांनीं दमणचे बिशप डॉम सेबास्तियांव जुझे परेरा यांच्या हस्तें, ठरल्याप्रमाणें, अभिषेकविधि पार पडला. नव्या भिंतींना पवित्र तैल लावण्यांत आलें, आणि त्या चित्रांखालीं पहिली मिस्सा झाली.